पर्यटनाचा पैसा गावात येतो, पण थांबतो कुणाच्या घरी?

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेत रिसॉर्टचा विषय निघाला की दोन तट पडलेच म्हणून समजा. एक तट म्हणतो, रोजगार येईल, पोरांना बाहेर जावं लागणार नाही. दुसरा म्हणतो, गाव हातचा जाईल. दोघंही मनापासून बोलतात, आवाज चढतात, आणि इतिवृत्तात काय लिहायचं यावर सचिव डोकं धरून बसतो. या वादात एक गोष्ट दोन्ही बाजू गृहीत धरतात: 'गावाला' फायदा होतो किंवा 'गावाचं' नुकसान होतं. प्रत्यक्षात फायदा-तोटा गावाचा नसतो, घरांचा असतो. एकाच वाड्यावरच्या दोन घरांत तो अगदी उलटा असू शकतो. पर्यटनावर भिस्त ठेवणं गावाला परवडतं का, याचं उत्तर हवं असेल तर घराघराचा हिशोब मांडावा लागतो.

आधी मोठे आकडे पाहू. गोव्याची लोकसंख्या साधारण १५ लाख. २०२४ मध्ये राज्यात आलेल्या पर्यटकांची सरकारी संख्या १ कोटी ४ लाखांच्या आसपास आहे, म्हणजे एका रहिवाशामागे वर्षाला जवळजवळ सात पाहुणे. हे आकडे विधानसभेत सांगायला छान असतात. कोरगावच्या एका घरात महिन्याला किती पैसे आले, हे त्यांतून कळत नाही.

एका खोलीचा हिशोब

समजा, पेडण्याच्या किनाऱ्यावर हरमलला एक खोली रात्रीला ३००० रुपयांनी जाते. आकडा सोयीसाठी घेतलाय, पण हिशोबाची रीत खरी आहे.

घर स्वतःचं, जमीन स्वतःची आणि घरातलीच बाई खोल्या सांभाळते, असं धरा. बुकिंगच्या ॲपवरून गिऱ्हाईक आलं तर १५ ते २० टक्के कमिशन तिथेच गेलं, म्हणजे साडेचारशे ते सहाशे रुपये. उरलेल्या पैशांतून वीजबिल, चादरी धुणाऱ्याचे पैसे, सकाळचा पाव पोदेराकडून, अंडी नाक्यावरच्या दुकानातून, नारळ परसातला. साफसफाईला येणारी बाई शेजारच्या वाड्यावरची. तिच्या हातात पडलेले पैसे संध्याकाळी मासळीवालीकडे जातात, मासळीवालीचे रिक्षावाल्याकडे. एक रुपया गावातल्या गावात तीन-चार हात फिरतो आणि मगच बाहेर पडतो. अर्थशास्त्रज्ञ याला गुणक परिणाम म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट इतकीच आहे.

आता तीच खोली, तेच घर. पण घरमालकाने कटकट नको म्हणून सगळं घर दिल्लीच्या किंवा बंगळूरच्या माणसाला पाच वर्षांच्या कराराने देऊन टाकलं. मालकाला ठरलेलं भाडं मिळतं, हंगाम चांगला गेला काय, वाईट गेला काय. बाकीचं उत्पन्न बाहेरच्या खात्यात. आचारी आणलेला, माल म्हापशाच्या घाऊक बाजारातून, भाजी बेळगावची. गावात उरतं ते भाडं, सफाईचा पगार आणि कचरा.

तिसरी पायरी रिसॉर्टची, किंवा हल्ली गल्लोगल्ली उभ्या राहणाऱ्या तरणतलाववाल्या व्हिलांची. इथे जमीन एकदाच विकली जाते. ज्याने विकली त्याला एकरकमी पैसा मिळाला, घर दुरुस्त झालं, मुलीचं लग्न झालं, एक गाडी आली. त्यानंतर त्या जमिनीवर जे काही पिकेल ते दुसऱ्याचं. गावाच्या वाट्याला फक्त नोकऱ्या येतात. त्यांतही माळी, सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग या जागा स्थानिकांना, आणि व्यवस्थापक बाहेरून. अनेकदा तर माळीही बाहेरूनच, कारण आमचा मुलगा त्या पगारात बारा तास उभा राहायला तयार नसतो. झारखंड-ओडिशा-नेपाळातून आलेला मुलगा राहतो, आणि पगार घरी पाठवतो. यात त्याचा काडीचाही दोष नाही. आमचे बाप-आजे मुंबईहून आणि बोटीवरून मनिऑर्डरी पाठवायचे, तेव्हा तेही हेच करत होते.

पाहुण्याने खर्च केलेल्या पैशातला जो भाग गावात न थांबता निघून जातो, त्याला गळती म्हणतात. पाहुणे दुप्पट झाले आणि गळतीही वाढली, तर गावाच्या हाती पूर्वीइतकंच राहू शकतं. वर रस्त्यावर गर्दी दुप्पट.

हरमलचंच घ्या. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. आगरवाड्याला मिठागरं आहेत, खाजनात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात) कोरगुट भात होतं. आणि याच पट्ट्यात पर्यटक खाणार काय? बाटलीतला सॉस, पाकिटातलं मीठ, पंजाबी ग्रेव्ही. शेत आणि हॉटेल एकमेकांपासून दोन किलोमीटरवर असून त्यांची ओळखच होत नाही. एखाद्या हॉटेलवाल्याला विचारलं तर तो सांगतो, 'मला रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने माल हवा, आणि बिल हवं.' शेतकरी म्हणतो, 'माझी मिरची वर्षातून एकदा होते, आणि बिलबुक माझ्याकडे नाही.' दोघंही चूक नाहीत. मधे एखादी सोसायटी उभी राहिली तर पैसा गावात थांबेल. भाषणांत 'स्थानिक उत्पादनांना चालना' हे शब्द फार ऐकले; मिरचीची पोती उचलणारी गाडी मात्र क्वचितच दिसते.

एक-चौदावर नाव कुणाचं?

गोव्यात पर्यटनाचा फायदा कुणाला, याचं निम्मं उत्तर जमिनीच्या उताऱ्यावर असतं. आपल्याकडे सात-बारा नसतो, एक-चौदा असतो, आणि त्यावर कुणाचं नाव कुठल्या रकान्यात आहे यावर घराचं नशीब ठरतं.

किनाऱ्यालगत ज्याचं स्वतःचं भाट, म्हणजे माडांची बागायत, आहे तो सुटला. माडांखाली झोपड्या बांधल्या तरी पैसा. दुसरं घर मुंडकाराचं, म्हणजे पिढ्यान् पिढ्या भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहिलेल्या कुटुंबाचं. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, घराची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. पण मामलेदाराच्या कार्यालयात खटले वर्षानुवर्षं चालतात. नाव लागलेलं नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि परवान्याचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडकतो. म्हणजे शेजारी भाटकार खोल्या भाड्याने देतो, आणि मुंडकाराच्या घरातली मुलगी त्या खोल्या झाडायला जाते. पर्यटक दोघांच्याही दारासमोरून जातात.

तिसरं घर कुळाचं. १९६४ चा कूळ कायदा आणि नंतरच्या दुरुस्तीने कसणाऱ्याला शेत मिळालं. १९९१ च्या जमीन वापर कायद्याने अशा कुळाच्या जमिनीचा बिगरशेती वापर रोखला. हेतू चांगला होता, आणि माझ्या मते आजही चांगला आहे. मात्र परिणाम असा की शेजारच्या डोंगरपठाराचा भाव गगनाला भिडतो आणि कुळाच्या शेताला तो भाव नाही. त्याच वेळी शेतमजुरी मात्र पर्यटनाच्या दराने वाढते. नारळ पाडायला पाडेली मिळत नाही. लावणीला बाया मिळत नाहीत. सरद (पावसाळी पीक) कशीबशी होते, वायंगण (पावसाळ्यानंतरचं पीक) सुटते. दोन-तीन वर्षं शेत पडीक राहिलं की बांध कुणी बघत नाही, खारं पाणी आत शिरतं, आणि मग 'हे शेत तसंही नापीकच आहे' म्हणून रूपांतराचा अर्ज येतो. खाजन शेतीचा बांध एकट्याचा नसतो. एकाने सोडला तर दहा जणांचं शेत बुडतं. पर्यटनाचा शेतीवरचा सगळ्यात मोठा घाव असा आडून बसतो; काँक्रीट त्यानंतर येतं.

चौथं घर मच्छीमाराचं. त्याला किनारा लागतो होडी ओढायला, जाळं सुकवायला. तिथे आता खाटा मांडलेल्या.

आणि पाचवं घर भाड्याने राहणाऱ्याचं. पंचायतीचा कारकून, प्राथमिक शाळेतली शिक्षिका, नवं लग्न झालेलं जोडपं. जी खोली पाहुण्याला दोन रात्रींसाठी देऊन महिन्याचं भाडं सुटतं, ती शिक्षिकेला कोण देईल? गावात राहायचं म्हणून गावातच जमीन घ्यावी, हे स्थानिक पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेलंय. भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले खरे, पण भाव फुगलाय तो पठारावर आणि भरडावर (उंचावरच्या माळजमिनीवर).

शिवाय सामायिक मालकीचा गोंधळ आहेच. पोर्तुगीज काळापासूनच्या वारसा पद्धतीमुळे एका भाटावर पंधरा-वीस वारस असतात. काही गावात, काही मुंबईत, काही लिस्बनला. गावात राहणाऱ्याला भाट हवं असतं, बाहेर राहणाऱ्याला रक्कम. विकण्याचा निर्णय बहुधा दुसऱ्या गटाच्या बाजूने लागतो, आणि शेजार मिळतो गावच्याला.

एकपीक

आता मुख्य प्रश्न, 'भिस्त' ठेवण्याचा. पर्यटन असणं आणि पर्यटनावरच असणं यात एकपीक शेती आणि मिश्र शेती इतका फरक आहे. एकपिकात पीक आलं तर बरकत असते. रोग पडला तर घरात दाणा नसतो.

मोरजीत एके काळी फलक रशियन भाषेत लागले होते. मेन्यूकार्ड रशियन, टॅक्सीवाल्याला कामापुरती रशियन. २०१४ च्या अखेरीस रूबल कोसळला आणि चार्टर विमानं रोडावली. २०१७ मध्ये मोनार्क ही ब्रिटिश विमान कंपनी बुडाली, सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक ही सहल कंपनी बुडाली, आणि हंगाम तोंडावर असताना ब्रिटिश चार्टरांचं गणित कोलमडलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध. यातल्या एकाही घटनेवर मोरजीच्या माणसाचा काडीचाही ताबा नव्हता. त्याने खोल्या स्वच्छ ठेवल्या, दर वाढवले नाहीत, गोड बोलला, तरी खोल्या रिकाम्या.

कोविडनंतर पर्यटक परतले, पण वेगळे. परदेशी पाहुणे २०१९ मध्ये साधारण ९ लाख ३७ हजार होते. २०२४ मध्ये ते पावणेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे निम्मे. त्याच वर्षी देशी पाहुणे ९९ लाखांवर गेले. एकूण आकडा विक्रमी, म्हणून बातमी आनंदाची. पण जुना परदेशी पाहुणा एका साध्या खोलीत दोन-तीन महिने राहायचा, भाड्याची स्कूटर घ्यायचा, नाक्यावर पाव-भाजी खायचा. त्याचा पैसा लहान घरांत जायचा. शुक्रवारी रात्री पुण्याहून किंवा हैदराबादहून येणारा गट व्हिला घेतो, स्वतःच्या गाडीने फिरतो, रविवारी निघतो. त्याचा पैसा व्हिलाच्या मालकाकडे. देशी पाहुणा वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही (ते तुसडे बोलणं हल्ली गोव्यात फार वाढलंय, आणि ते बोलणारे आपण स्वतः मे महिन्यात मनालीला गर्दी करतो). मुद्दा इतकाच की पाहुण्याचा प्रकार बदलला की पैसा पोचण्याचं घरही बदलतं.

एकाच धंद्यावर भिस्त ठेवणं काय असतं, हे गोव्याने किनाऱ्यापासून तासाभरावर आधीच भोगलंय. डिचोली, सत्तरी, सांगे भागात खाणींचा पैसा येत होता तेव्हा शेती सोडून लोकांनी ट्रक घेतले, कर्जावर. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रक दारात गंजले, हप्ते चालू राहिले. परत शेतात जावं तर शेतात मातीचा लाल गाळ. खाण आणि पर्यटन सारखे नाहीत. पण ट्रकवाल्याच्या जागी टॅक्सीवाला ठेवून पाहिलं तर मला तरी झोप लागत नाही.

दुसरी बाजू, जी खरीच आहे

पर्यटन येण्यापूर्वीचं गाव सुखी होतं, ही कल्पना ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांची. शिवोली-चोपडेचा पूल नव्हता तेव्हा फेरीबोटीच्या रांगेत बाळंतीण अडकायची. घरचा कर्ता मुंबईत किंवा बोटीवर, वर्षातून एकदा चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायला यायचा, त्यातही सुट्टी मिळाली तर. आज तीस वर्षांची बाई स्वतःच्या नावावरच्या खोल्यांचं बुकिंग मोबाइलवर बघते, नवऱ्याला न विचारता पैसे खर्च करते. ही गोष्ट आकड्यांत येत नाही, पण घरात फार मोठी असते. पिढीजात व्यवसायाचं जोखड ज्यांच्या मानेवर होतं, त्यांतल्या अनेकांना भाटकाराचं ऋण न घेता उभं राहायला पर्यटनानेच जागा दिली.

म्हणून 'पर्यटन नको' ही घोषणा मला पटत नाही. भाटकाराला ती परवडते, मुंडकाराला नाही.

मात्र या फायद्यातही गळकी भांडी आहेत. किनाऱ्यावरच्या शॅकचे परवाने गोमंतकीयांना मिळतात, पोटभाड्याने देणं नियमात बसत नाही. तरी परवाना एकाचा आणि गल्ल्यावर बसणारा दुसराच, हे किनाऱ्यावर कुणापासून लपलेलं नाही. पर्यटन खात्याने नोटिसा काढल्या आहेत. म्हणजे कायदा गावाच्या बाजूने असला तरी गावचाच माणूस तो हक्क वर्षाला ठरावीक रकमेवर विकून मोकळा होतो. दोष बाहेरच्यावर टाकताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

कर वर, कचरा खाली

पंचायतीचा हिशोब सगळ्यात कमी बोलला जातो. पाहुण्याने खोलीचं बिल भरलं की त्यावरचा जीएसटी केंद्र आणि राज्यात वाटला जातो. दारूवरचं अबकारी शुल्क राज्याला. पंचायतीला काय? घरपट्टी, परवाना शुल्क, असे किरकोळ दर. आणि पंचायतीच्या डोक्यावर काय? ओला-सुका कचरा उचलणं, गटारं, अंतर्गत रस्ते, दिवाबत्ती. साळगावला २०१६ मध्ये कचरा प्रकल्प झाला म्हणून उत्तर गोव्याचं बरंच निभावलं, पण दारातून उचलून तिथवर पोचवायची जबाबदारी गावाचीच.

पाण्याचंही तसंच. पेडण्याच्या चांदेल प्रकल्पाला तिळारीच्या कालव्याचं पाणी. कालवा फुटला की नळ कोरडे. त्या दिवशी हॉटेल टँकर मागवतं, कारण त्याला परवडतो. टँकर भरतो तो आतल्या गावच्या विहिरीवरून. घरी तिसऱ्या मजल्यावर राहणारी म्हातारी कळशी घेऊन खाली उतरते.

कळंगुट पंचायतीने २०२४ मध्ये गावात येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवेशकर घ्यायचा ठराव केला, तेव्हा सगळीकडून हसू झालं. किनारा काय पंचायतीच्या बापाचा आहे का, वगैरे. ठराव व्यवहार्य होता असं मी म्हणत नाही. पण त्यामागचा राग समजून घ्या: उत्पन्न पणजीला आणि दिल्लीला, घाण मात्र आमच्या दारात. खोलीवरच्या करातला ठरावीक हिस्सा थेट ज्या पंचायतीत खोली आहे तिला मिळाला, तर नाक्यावर फाटक लावायची भाषा कुणी करणार नाही.

जिथे गाडी रुळावर आहे

फोंडा तालुक्यातली कुळागरं पाहा. केरी, सावई-वेरें या भागात सुपारी, नारळ, मिरी, जायफळ आधीपासून होतं. पाहुणे नंतर आले. बागायतदार त्यांना बाग फिरवून दाखवतो, केळीच्या पानावर जेवण वाढतो, वेलची-जायफळ विकतो. कोविडमध्ये पाहुणे थांबले तेव्हा फटका बसला, पण सुपारी झाडावर होती आणि बागायतदार संस्थेत तिला भाव होता. जमीन स्वतःची, मुख्य पीक शाबूत आणि पर्यटन वरकड. मुळात पाहुणा येतो तेच कुळागर बघायला, त्यामुळे ते तोडून व्हिला बांधण्यात मालकाचंच नुकसान.

कुळें गावाचा प्रकार वेगळा आणि मला जास्त रंजक वाटतो. दूधसागरला अभयारण्यातून जीप न्यावी लागते. चारशेहून अधिक जीप स्थानिकांच्या, आणि पाळीने फेऱ्या. पाळीमुळे एकाच मोठ्या मालकाने सगळं गिऱ्हाईक ओढून नेणं अवघड. बुकिंगचा काउंटर कुणाच्या हातात असावा यावरून २०२४ मध्ये तिथे मोठं आंदोलन झालं, ते उगीच नव्हे. जीप कुणाची यापेक्षा तिकीट कोण फाडतो यात जास्त सत्ता आहे. हे कुळेंच्या जीपवाल्याला पक्कं ठाऊक होतं. अर्थात तेही एकपीकच. पावसाळ्यात फेऱ्या बंद, आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत हप्ते कसे फेडायचे हा प्रश्न तिथेही आहेच.

आता पाळी मोपाच्या आसपासच्या गावांची. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात, आणि वारखंड, उगवें, कासारवर्णें, चांदेल इथे दलालांच्या गाड्या फिरू लागल्या आहेत. किनाऱ्यावर जे तीस-चाळीस वर्षांत झालं ते इथे दहा वर्षांत होईल असा माझा अंदाज. बांधकामाचा परवाना पंचायतीच्या हातून जातो, तेव्हा रविवारच्या ग्रामसभेत विचारायचे प्रश्न आधीच कागदावर लिहून न्यावेत: जमीन विकत घेतली की भाडेपट्ट्यावर, आणि भाडेपट्टा असेल तर किती वर्षांनी परत? पाणी नळाचं की बोअरवेलचं, आणि बोअरला परवानगी आहे का? सांडपाणी कुठे सोडणार? कामगार राहणार कुठे? भाजी, मासळी, नारळ गावातून किती घेणार, ते लेखी देणार का? या पाच प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी आश्वासन ग्रामसभेनंतर चहाच्या कपाबरोबर संपतं, आणि परवान्यावर सही झाली की विचारायला दार कुणाचं ठोठवायचं हेही कळत नाही.